छोट्या ट्रेलरचे मडगार्ड: कसे निवडायचे आणि कसे बसवायचे?

गोरेगावात एखादा तास रस्त्याच्या कडेला उभे राहिलात, तर किमान चार-पाच प्रकारचे छोटे ट्रेलर समोरून जाताना दिसतील. टेम्पोच्या मागे हुकाला अडकवलेला काँक्रीट मिक्सर, डांबराचा बॉयलर, रस्ता फोडणाऱ्यांचा कॉम्प्रेसर, दादासाहेब फाळके चित्रनगरीच्या दिशेने निघालेला जनरेटर, नेस्कोच्या प्रदर्शनात लागणारा खाद्यपदार्थांचा ट्रेलर. मेट्रोची कामे झाली, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याची चालू आहेत, इमारतींचा पुनर्विकास तर गल्लोगल्ली आहे. त्यामुळे अशा ओढत न्यायच्या गाड्यांना इथे तोटा नाही.

आता त्यांच्या चाकांकडे नीट पाहा. काहींवर मडगार्डच नसते. काहींवर असते, पण एका बोल्टवर लोंबकळत असते. काहींचा पत्रा टायरला घासून आतून चकचकीत झालेला असतो. ट्रेलर भाड्याने देणाऱ्यांना किंवा साइटवर वापरणाऱ्यांना यात फार काही वाटत नाही, कारण मडगार्ड नसल्याचा त्रास त्यांना होतच नाही. तो होतो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला.

म्हणून आधी हा त्रास नेमका कसा होतो ते समजून घेऊ. एकदा ते कळले की मडगार्ड किती रुंद हवे, कुठपर्यंत खाली यावे, या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

खडा वर उडतो तरी कसा?

टायर फिरत असताना त्याचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या मानाने स्थिर असतो. पुढच्याच क्षणी तो मागच्या बाजूने वर उचलला जातो. टायरच्या नक्षीत अडकलेला खडा किंवा चिकटलेले पाणी याच टप्प्यात सुटते. सुटताना त्याची दिशा टायरच्या कडेला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेची, म्हणजे थोडी मागे आणि थोडी वर, अशी असते. वेग असतो गाडीचा.

आकड्यांत पाहू. टाटा एससारख्या छोट्या टेम्पोला लागणारे १४५ आर १२ हे टायर छोट्या ट्रेलरसाठीही सोयीचे असते. त्याचा व्यास सुमारे ५४ सेंटीमीटर. ट्रेलर ताशी ४० किलोमीटरने चालला आहे आणि खडा टायरच्या तळापासून ३० अंश वर गेल्यावर सुटला, असे धरा. हवेचा अडथळा सोडून दिला, तर तो खडा जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंच जातो. ही उंची गाठतो तेव्हा तो ट्रेलरच्या चाकापासून साधारण साडेपाच मीटर मागे असतो.

साडेपाच मीटर मागे आणि १.६ मीटर उंच. स्वामी विवेकानंद मार्गावर संध्याकाळच्या गर्दीत ट्रेलरमागे चालणाऱ्या स्कूटरवाल्याचा चेहरा बरोबर तिथेच असतो. दोन्ही गाड्या एकाच वेगाने चालल्या असतील, तर खडा त्याच्याकडे ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतो. काच वर केलेले हेल्मेट असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

खडा तळापासून २० अंशांवर सुटला तर तो पाऊण मीटरपर्यंतच जातो, म्हणजे हँडलच्या खाली. पण वेग ताशी ६० झाला की हाच २० अंशांचा खडा १.६ मीटरच्या वर पोचतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावर रात्री रिकामा रस्ता मिळाला की ट्रेलर ६० ने ओढणारे कमी नाहीत.

पाण्याचे गणित जरा वेगळे. थेंब हलके असल्याने हवा त्यांना लगेच अडवते आणि ते धुक्यासारखे ट्रेलरच्या मागे तरंगत राहतात. दुचाकीस्वार त्यात शिरतो आणि दोन-तीन सेकंद त्याला काहीच दिसत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. तेव्हा हा प्रश्न वर्षातला एक-दोन दिवसांचा नाही. त्यात बांधकामाच्या साइटवरून निघालेल्या ट्रेलरच्या टायरला चिखल, खडी आणि सिमेंटचे पाणी लागलेले असते.

अर्धगोल पत्रा म्हणजे अर्धेच मडगार्ड

बहुतेक ट्रेलरवर चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर कमानीसारखा पत्रा असतो आणि तो आसाच्या उंचीला येऊन संपतो. दिसायला पूर्ण वाटतो. वरच्याच टायरवर अशी कमान बसवली आणि तिची मागची कड आसापासून ३५ सेंटीमीटर मागे आली, तर तळापासून सुमारे ५० अंशांच्या आत सुटणारे सगळे काही त्या कडेखालून निसटते. म्हणजे वर ज्या ३० अंशांच्या खड्याचे उदाहरण घेतले, तो या मडगार्डने अडतच नाही!

त्याला अडवतो तो मागे लोंबणारा रबरी फ्लॅप. त्याच जागी फ्लॅप लावला आणि त्याची खालची कड जमिनीपासून १६ सेंटीमीटरवर आली, तर ३० अंशांच्या वर सुटणारे सगळे अडते. महामार्गावर नेहमी जाणारा ट्रेलर असेल आणि २० अंशांपर्यंतचेही अडवायचे असेल, तर फ्लॅप ११ सेंटीमीटरपर्यंत खाली हवा.

इथे एक सोयीची गोष्ट आहे. फ्लॅप चाकापासून जितका मागे, तितका तो उंच असला तरी चालतो. आसापासून ४५ सेंटीमीटर मागे लावला, तर १६ ऐवजी २२ सेंटीमीटरवर ठेवूनही ३० अंशांचा खडा अडतो. पण फार मागे नेऊ नये. चाकाला लागून असलेला फ्लॅप गतिरोधकावर घासत नाही, कारण चाक वर चढते तेव्हा तोही सोबत उचलला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंचीचा असतो. आपल्या गल्ल्यांतले किती उंच असतात हे ज्याचे त्याने मोजावे. शिवाय फ्लॅप लांब गेला की बाजूने पाणी निसटायला जागा वाढते.

युरोपात मोटारींच्या मडगार्डसाठी १९७८ पासून जो नियम होता, त्यात चाकाच्या मध्यापासून उभ्या रेषेच्या ३० अंश पुढे आणि ५० अंश मागे एवढा भाग झाकलेला असावा आणि मागची कड आसापासून फार उंच नसावी, असे सांगितले होते. म्हणजे पुढच्यापेक्षा मागे जास्त झाकायचे. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट दिसते. पुढून छान वळवलेला पत्रा असतो आणि मागे काहीच नसते. समोरून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढचीच बाजू दिसते, म्हणून असेल.

मापे घेताना ट्रेलर भरलेला हवा

मडगार्ड बसवताना सर्वांत जास्त चुका इथे होतात. ट्रेलर वर्कशॉपमध्ये रिकामा उभा असतो. फॅब्रिकेशनवाला टायरवर हात ठेवतो, चार बोटे जागा सोडतो आणि वेल्डिंग करून मोकळा होतो. मग त्यावर सातशे किलोचा जनरेटर चढतो, पाटे दबतात आणि चार बोटांची दोन बोटे होतात. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर पत्र्याला लागतो.

घासणारे मडगार्ड हे मडगार्ड नसल्यापेक्षा वाईट. पत्र्याची कड टायरच्या बाजूच्या पातळ भागाला कापत जाते. बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस भर रस्त्यात टायर फुटतो. ट्रेलरचा टायर फुटला की ओढणाऱ्या गाडीच्या चालकाला ते लगेच कळतही नाही. ट्रेलर बाजूला झोल खायला लागतो तेव्हा कळते.

म्हणून जागा अशी काढा. रिकामा ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा. चेसिसची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. मग नेहमीचे वजन चढवा आणि पुन्हा मोजा. समजा फरक ३ सेंटीमीटर आला. खड्ड्यात आदळल्यावर स्प्रिंग निदान तेवढीच आणखी दबू शकते, म्हणून आणखी ३ धरा. वर २ सेंटीमीटर चिखल, खडी आणि नशीब यांच्यासाठी ठेवा. एकूण ८ सेंटीमीटर. रिकाम्या ट्रेलरवर टायरचा माथा आणि मडगार्ड यांच्यात एवढी जागा हवी. चेसिसला रबरी बंप स्टॉप असेल तर काम आणखी सोपे होते. रिकाम्या ट्रेलरवर आस आणि बंप स्टॉप यांच्यातले अंतर मोजायचे, रबर दबते त्यासाठी एखादा सेंटीमीटर धरायचा आणि त्यात २ सेंटीमीटर मिळवायचे.

काँक्रीट मिक्सरसारख्या ट्रेलरला बहुधा स्प्रिंगच नसते, आस थेट चेसिसला जोडलेला असतो. तिथे दबण्याचा प्रश्न नाही. तरी ४-५ सेंटीमीटर जागा सोडावीच, कारण टायर आणि पत्र्यात खडी अडकली की चाक जाम होऊ शकते.

रुंदीचे गणित सोपे आहे. टायर भरलेल्या अवस्थेत जमिनीजवळ थोडा फुगतो आणि वळणावर किंचित सरकतो. म्हणून दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटीमीटर जास्त धरावे. १४.५ सेंटीमीटरच्या टायरला १९.५, म्हणजे सरळ २० सेंटीमीटर रुंद मडगार्ड. कॉम्प्रेसरसारख्या ट्रेलरवर ६.००-१६ हे जीपचे टायर असेल, तर त्याचा व्यास सुमारे ७३ आणि रुंदी सुमारे १७ सेंटीमीटर असते. त्याला २२ सेंटीमीटरचे मडगार्ड लागेल.

अर्धगोलासाठी पत्रा किती लांब लागेल, हेही आधीच काढता येते. वरच्या उदाहरणात टायरची त्रिज्या २७ आणि जागा ८, मिळून ३५. याला ३.१४ ने गुणले की ११० सेंटीमीटर. हे पाठ करायची गरज नाही; दोरी वाकवून धरली तरी तेवढेच येते.

एक गोष्ट नक्की तपासा. ट्रेलर चेसिसखाली जॅक लावून उचलला की चाक बाहेर काढता येते का? बाहेरची कड फार खाली आणली असेल तर पंक्चर झाल्यावर मडगार्डच उतरवावे लागते. भर पावसात, अंधारात, महामार्गाच्या कडेला हे काम कोणी करत नाही. लोक मडगार्ड उपटून टाकतात आणि ते पुन्हा कधीच लागत नाही.

लोखंड, प्लॅस्टिक की फायबर?

याचे उत्तर ट्रेलर कुठे आणि कोणाच्या हातात असणार, यावर आहे.

बांधकामाच्या साइटवर मडगार्ड ही पायरी असते. मिक्सरवर चढायचे, जनरेटरचे झाकण उघडायचे, ताडपत्री बांधायची, तर पाय कुठे देणार? "शेठ, त्याच्यावर पाय दिल्याशिवाय वर हात कसा पोचेल?" असे कामगाराने विचारले तर त्याच्यापाशी उत्तर आहे आणि आपल्यापाशी नाही. म्हणून साइटच्या ट्रेलरला लोखंडी मडगार्डच घ्यावे, आणि तेही माणसाचे वजन पेलेल असे. १८ गेजचा पत्रा म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, तो चाकापुरता ठीक, पण त्यावर उभे राहिले की वाकतो. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर आणि १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर. (गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, हे नवख्याला उलटे वाटते.) साइटसाठी १६ घ्यावा, आणि पाय देणार हे नक्की असेल तर वरून सपाट, पुढेमागे उतार दिलेला आकार घ्यावा. गोल कमानीवरून ओला बूट घसरतो. सपाट भागावर उठावाच्या नक्षीचा पत्रा मिळाला तर आणखी चांगले.

खाद्यपदार्थांचा किंवा प्रदर्शनाचा ट्रेलर असेल, तर प्लॅस्टिकचे तयार मडगार्ड उत्तम. गंजत नाही, खडखडत नाही, हलके असते आणि खडा लागला तर पोचा पडत नाही. मात्र त्यावर पाय दिला की बोल्टजवळ तडा जातो. उन्हात काही वर्षांनी ते कडक होते, त्यामुळे काळे घ्यावे. काळ्या रंगासाठी वापरलेला कार्बन प्लॅस्टिकला उन्हापासून वाचवतो.

फायबरचे मडगार्ड सुबक दिसते आणि हव्या त्या आकारात बनवून मिळते, पण खडीच्या माऱ्याने आतून त्याचे थर सुटायला लागतात. चित्रीकरणाच्या ट्रेलरला शोभेसाठी लावायचे असेल तर लावा. रोजच्या कामाला मी ते सुचवणार नाही.

ॲल्युमिनियमला गंज लागत नाही हे खरे, पण ते लोखंडी ब्रॅकेटला थेट बोल्ट केले तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत जोडाच्या जागी पांढरी भुकटी धरून झिजायला लागते. दोन धातूंच्या मध्ये रबराची पट्टी घातली की हे पुष्कळ टळते.

लोखंडाचे आयुष्य मुंबईत रंगावर अवलंबून असते. आणि गंज लागतो तो बाहेरून नव्हे, आतून. आतल्या बाजूला खडी आपटून रंग उडतो, वर चिखल साचून ओला राहतो. तेव्हा रेड ऑक्साइडचा हात आणि बाहेरून चकचकीत रंग एवढ्यावर थांबू नका. आतून गाड्यांच्या तळाला मारतात ते रबरी कोटिंग जाड मारून घ्या. जिथे पत्रा आणि ब्रॅकेट मिळून खाच तयार होते तिथे पाणी जायला भोक ठेवा. खर्च झेपत असेल तर सगळी तोडजोड झाल्यावर मडगार्ड गरम जस्तात बुडवून घेणे सर्वांत टिकाऊ.

कड कशीही मोकळी ठेवू नका. पत्र्याची कड आत वळवलेली किंवा तिच्यात सळई घालून गोल केलेली असावी. स्टेशनजवळच्या गर्दीत चालणाऱ्या माणसाच्या पोटरीच्या उंचीवर ही कड असते.

बसवताना

मडगार्ड चेसिसला लावावे की आसाला? आसाला लावले तर चाकाबरोबर तेही वरखाली होते, त्यामुळे ८ सेंटीमीटर जागा सोडायची गरज राहत नाही. मडगार्ड टायरला चिकटून बसवता येते आणि पाणीही जास्त अडते. ऐकायला छान आहे. पण प्रत्येक खड्ड्याचा धक्का स्प्रिंगमध्ये न शोषता थेट पत्र्याला बसतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेटच्या कोपऱ्यात तडे जातात. आपले रस्ते पाहता स्प्रिंग असलेल्या ट्रेलरला चेसिसवरच बसवावे. शिवाय आसावर किंवा पाट्यांवर वेल्डिंग कधीच करू नये. उष्णतेने पाट्याचे पाणी उतरते आणि तो वजनाखाली मोडतो.

ब्रॅकेट निदान दोन हवेत, आणि तिसरा आधार मागच्या कडेला फ्लॅपजवळ. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा अँगल किंवा जाड पट्टी या कामाला पुरते. पाय देणार असाल तर मधल्या ब्रॅकेटला तिरका टेकू द्या. पुष्कळ जण ब्रॅकेट चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला आडवे वेल्ड करतात. चॅनेलवर वाकण्याचा सर्वांत जास्त ताण याच दोन कडांना येतो, तिथून तडा सुरू होतो. वेल्ड चॅनेलच्या उभ्या मधल्या भागाला करावे.

पत्रा मात्र ब्रॅकेटला वेल्ड न करता बोल्टने बसवावा, म्हणजे वाकला तर बदलता येतो. भोके ड्रिलने पाडावीत; गॅसने पाडलेल्या भोकाची कड ओबडधोबड राहते आणि तडा तिथूनच जातो. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, मध्ये रबर, आणि नायलॉक नट. साध्या नटावर स्प्रिंग वॉशर टाकून भागवले जाते, पण सतत थरथरणाऱ्या पत्र्यावर ते महिनाभरात सैल होतात. बोल्टचे डोके आतल्या, म्हणजे टायरच्या बाजूला आणि नट बाहेर ठेवा. उलटे केले आणि टायर कधी वर आलाच, तर बोल्टचे टोक त्यात घुसते.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. वेल्डिंग करण्याआधी चाक उतरवून लांब ठेवा. चाक जागेवर असताना जवळ वेल्डिंग केले आणि रिम तापली, तर आतले रबर तापून वायू तयार होतो, दाब वाढतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. हवा काढून टाकली म्हणजे धोका संपला, असे नाही. चाक उतरवल्यावर ट्रेलर नुसत्या जॅकवर ठेवू नये. चेसिसखाली भक्कम घोडी लावावी, दुसऱ्या चाकाला पुढेमागे ठोकळे द्यावेत. जनरेटर असेल तर डिझेलची टाकी झाकून किंवा काढून ठेवावी, बॅटरीची वायर सोडावी आणि ट्रेलरचा प्लग ओढणाऱ्या गाडीतून काढावा, नाहीतर वेल्डिंगचा करंट भलत्याच वाटेने जाऊन गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जाळतो. अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्ड करायचे त्याच्या अगदी जवळ लावावा.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर किंवा पाइपवर वेल्डिंग करायचे असेल तर त्या जागेचा मुलामा आधी ग्राइंडरने काढावा आणि काम उघड्यावर करावे. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वर्कशॉपमधले लोक यावर दूध किंवा गूळ सांगतात. मोकळी हवा आणि मास्क हाच खरा उपाय आहे.

फ्लॅपबद्दल एक सावधगिरी. ट्रेलर मागे घेताना चाक फुटपाथच्या कडेला टेकले की फ्लॅप टायर आणि कडेच्या मध्ये सापडतो. मग टायर त्याला खाली खेचतो आणि त्याच्याबरोबर मडगार्डची मागची कड वाकते. म्हणून फ्लॅप टायरपासून निदान ७-८ सेंटीमीटर लांब असावा आणि त्याचे वरचे बोल्ट फार ताकदवान नसावेत. फाटायचेच असेल तर दहा मिनिटांत बदलता येणारे रबर फाटावे. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा यासाठी चांगला चालतो आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात सहज मिळतो. फार पातळ रबर घेऊ नका, ते वाऱ्याने मागे उडून कामाच्या वेळीच वर जाते.

कणकेची चाचणी

सगळे बसवून झाल्यावर जागा पुरेशी आहे की नाही हे पाहायची एक स्वस्त युक्ती आहे. घट्ट मळलेल्या कणकेचे किंवा शाडूचे तीन गोळे करा. मोजलेल्या जागेपेक्षा किंचित कमी उंचीचे. मडगार्डच्या आतून, माथ्यावर आणि दोन्ही उतारांवर ते चिकटवा. ट्रेलर पूर्ण भरा आणि नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फिरवा, गतिरोधक आणि खड्डे चुकवू नका. आरे कॉलनीच्या रस्त्याचा एक फेरा या कामाला पुरेल. परत आल्यावर सर्वांत चपटा झालेला गोळा किती उरला ते मोजा. २ सेंटीमीटरपेक्षा जास्त उरला असेल तर ठीक. कमी असेल, तर मडगार्ड वर घ्या किंवा वजन कमी करा.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळा. त्यानंतर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहिले तरी चालते. आतून पत्रा चकचकीत दिसला, तर टायर लागतो आहे असे समजा.

कायदा काय पाहतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करायला कलम ५२ आड येते. मडगार्ड दुरुस्त करणे किंवा बदलणे वेगळे. पण चाके शरीराबाहेर असलेल्या ट्रेलरला रुंद मडगार्ड लावले की एकूण रुंदी वाढते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती २.६ मीटरच्या वर जाता कामा नये. छोट्या ट्रेलरला ही मर्यादा सहसा लागत नाही, तरी नोंदणीच्या कागदावरची रुंदी आणि प्रत्यक्षातली रुंदी यांत फरक पडणार असेल, तर बोरिवली किंवा अंधेरी, ज्या परिवहन कार्यालयात नोंद आहे तिथे आधी विचारून घ्यावे. मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट मडगार्डने किंवा फ्लॅपने झाकली जाणार नाही, हेही पाहावे. बसवल्यावर दहा पावले मागे जाऊन स्कूटरवर बसल्याच्या उंचीने बघितले की कळते.

शेवटी, 'गार्ड' या एकाच शब्दामुळे होणारा एक घोटाळा. मोठ्या ट्रक आणि ट्रेलरच्या मागे जो आडवा लोखंडी दांडा असतो, तो मडगार्ड नव्हे. मागून धडकलेली छोटी गाडी ट्रकखाली घुसू नये म्हणून तो असतो. त्याचे भारतीय मानक वेगळे आहे, आयएस १४८१२. भार घेईल अशी ताकद त्यात तपासली जाते आणि त्याची खालची कड जमिनीपासून ५५ सेंटीमीटरच्या वर चालत नाही. साडेतीन टनांच्या वरच्या वाहनांना तो लागतो, छोट्या ट्रेलरला नाही. पण म्हणून कोणी छोट्या ट्रेलरच्या मागे हौसेने जाड पाइप वेल्ड करत असेल, तर तो चाकांपेक्षा फार मागे आणि टोकदार राहणार नाही एवढे बघावे. रात्री पार्किंगचे दिवे नसलेल्या, रस्त्याकडेला सोडून दिलेल्या मिक्सरच्या बाबतीत तर या पाइपपेक्षा रिफ्लेक्टरची पट्टी कितीतरी जास्त उपयोगी पडते, आणि ती लावायला वेल्डिंगही लागत नाही.